चिठ्ठीवर ‘पॉझिटिव्ह’ आलं तर सिस्टरला काय विचारायचं?

सिकलसेल म्हटलं की बोईसरच्या वस्तीत अनेकांना वाटतं, हा जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासींचा आजार. आदिवासी समाजात तो जास्त आढळतो हे खरं. पण विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिकडून तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या घरांनी तर तपासणी करून घ्यायलाच हवी. जिथे पूर्वी हिवताप फार होता, तिथल्या माणसांत हा रक्तगुण टिकला. पाप-पुण्याशी, जातीच्या उच्च-नीचतेशी त्याचा काही संबंध नाही.

1 जुलै 2023 रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. आदिवासीबहुल भागातल्या 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. बोटातून रक्त घेणारी बहुधा सिस्टर असते. तिने आनुवंशिकता नीट सांगितली नाही, तर एका चिठ्ठीवरून लग्न मोडतं, सुनेवर खापर फुटतं. म्हणून आपणच तिला विचारूया.

पहिला प्रश्न : मी वाहक की रुग्ण? सोल्युबिलिटी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली, तरी तेवढ्यावरून हे कळत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. ‘एएस’ म्हणजे वाहक. तो आजारी नसतो. ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. त्याला सांधेदुखी, कावीळ, रक्तक्षय असे त्रास होतात.

दुसरा प्रश्न : मुलांचं काय? आई-बाप दोघेही वाहक असतील, तर दर गरोदरपणी बाळ ‘एसएस’ होण्याची शक्यता चारात एक. याचा अर्थ ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ असा नाही. दरवेळी हिशेब नव्याने सुरू होतो. ‘एसएस’ मुलाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून येतं. मग दोष एकट्या सुनेचा कसा? गरोदर बाई वाहक निघाली, तर नवऱ्याचं रक्त लगेच तपासा. दोघेही वाहक असल्यास सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेत ती सोय आहे.

तिसरा प्रश्न : घरात रुग्ण असेल तर? भरपूर पाणी द्या, फार उष्णता आणि थंडी टाळा. डॉक्टरांनी दिलेली हायड्रॉक्सीयुरिया मनाने बंद करू नका. तिने वेदनेचे झटके कमी होतात. मुलाला ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

उत्तर नाही मिळालं, तर ‘सिस्टर, मोठ्या डॉक्टरांना विचारून सांगा’ असं म्हणायला लाजू नका. सिस्टरही शिकते, आपणही शिकतो.

मंगल परिणय ठरवताना आपण पत्रिका जुळवत नाही. रक्ताचे दोन रिपोर्ट मात्र शेजारी ठेवून बघूया. ते लग्न मोडण्यासाठी नव्हे, होणाऱ्या लेकराचा विचार आधी करण्यासाठी.