सेप्सिसमध्ये हृदय ‘तीस टक्के’ चालते तेव्हा



अमेरिकेत अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून मी बरीच वर्षे नोकरी केली. तिथे नातेवाइकांच्या तोंडून एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकले. “आणले होते न्यूमोनियासाठी, आता डॉक्टर म्हणतात हृदय तीसच टक्के चालते. म्हणजे आता संपलेच का?” मूळ दुखणे छातीचे, लघवीचे किंवा पायाच्या जखमेचे असते आणि हृदय मध्येच कुठून आले, हे त्यांना कळत नसे.

आधी त्या ‘तीस’चा अर्थ पाहू. निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्यात आतले सगळे रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के टाकते. तेव्हा इकोच्या कागदावर ३० लिहिले असेल तर शंभरातले सत्तर गेले असे समजू नये, साठातले तीस गेले असे समजावे. कमी आहेच, पण ऐकताना वाटते तेवढे नाही.

सेप्सिस म्हणजे काय? जंतूंशी लढता लढता शरीराची प्रतिक्रिया बेताल होते आणि आपल्याच अवयवांना इजा करू लागते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या अंदाजानुसार त्या देशात दरवर्षी किमान १७ लाख प्रौढांना सेप्सिस होतो आणि किमान साडेतीन लाख त्यात दगावतात. त्यांत म्हाताऱ्यांचा वाटा मोठा.

वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे एनआयएच ही सरकारी संशोधन संस्था आहे. तिथे मार्गारेट पार्कर, जोसेफ पॅरिलो आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांच्या हृदयाचे चित्रण वारंवार केले आणि १९८४ साली निष्कर्ष छापले. वाचले त्या १३ जणांचे हृदय सुरुवातीला ताणून मोठे झालेले आणि दुबळे होते, सरासरी ३२ टक्क्यांवर. दहा दिवसांच्या आत ते पूर्ववत झाले. जे सात गेले त्यांचे आकडे मात्र सुरुवातीला चांगले होते! पुढच्या अभ्यासांत ही विभागणी इतकी सरळ दिसली नाही. त्यामुळे कमी आकडा हे शुभचिन्ह आहे, असे कोणी समजू नये. पण सेप्सिसमधले हृदयाचे दुबळेपण बऱ्याच जणांत उतरते, ही गोष्ट तेव्हापासून टिकून आहे.

दोष रक्तात आहे की हृदयात? पुढच्याच वर्षी पॅरिलो यांनी अशा रुग्णांच्या रक्ताचा द्रव घेऊन तो काचपात्रात धडधडणाऱ्या उंदराच्या हृदयपेशींवर घातला. पेशींचे आकुंचन कमी झाले. म्हणजे रक्तात काहीतरी फिरत होते. १९९६ मध्ये त्यातली दोन मुख्य द्रव्ये ओळखली गेली. ती जंतूंची नव्हती, आपल्याच पेशी लढाईत सोडतात ती होती. पुढे सेंट लुईसच्या डॉक्टरांनी सेप्सिसने गेलेल्या रुग्णांची हृदये तपासली, तर मेलेल्या पेशी फारच थोड्या सापडल्या. हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा तुकडा मरतो, तसे इथे सहसा होत नाही. पेशी जिवंत राहून काम आवरते घेतात. (ट्रोपोनिनची तपासणी सेप्सिसमध्येही वाढते, म्हणून केवळ त्यावरून अटॅक आला असे धरू नका.)

आता जनुके, म्हणजे ज्यांना आपण जीन म्हणतो ती. प्रत्येक पेशीत पाककृतींचे तेच जाडजूड पुस्तक असते. पण ओट्यावर कुठले पान उघडे आहे, ते महत्त्वाचे. खिरीचे पान दिसले तर खिरीचा सण आला, बिरड्याचे दिसले तर बिरड्याचा, हे घरात शिरणाऱ्याला न विचारता कळते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची उघडी पानेही तशीच वाचता येतात. पेशी त्या पानांची नक्कल आरएनएच्या रूपात करते आणि ती रक्ताच्या नमुन्यात मोजता येते.

२००५ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी निरोगी स्वयंसेवकांना जंतूंच्या आवरणातले विष अगदी अल्प प्रमाणात टोचले. काही तासांत पांढऱ्या पेशींतली हजारो जनुके वर-खाली झाली आणि २४ तासांत जागेवर आली. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेची जनुके त्यात मंदावली होती. मला हे वाचून त्या काम आवरते घेणाऱ्या हृदयपेशी आठवल्या. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयात हेक्टर वाँग यांनी सेप्टिक शॉकच्या मुलांचे रक्त असेच वाचले आणि बाहेरून सारख्या दिसणाऱ्या आजाराचे आतले प्रकार वेगळे असल्याचे दाखवले. एका प्रकारात स्टेरॉइड दिलेल्या मुलांमध्ये मृत्यू अधिक दिसले.

जंतूंचे कल्चर यायला दिवस लागतात, म्हणून ही विद्या आता रुग्णशय्येपाशी येते आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये सेप्टिसाइट रॅपिड या दोन जनुकांच्या चाचणीला मान्यता दिली. ती साधारण तासाभरात होते. जानेवारी २०२५ मध्ये ट्रायव्हेरिटी आली. ती २९ जनुके वाचते आणि अर्ध्या तासात उत्तर देते. या चाचण्या संसर्गाची किंवा सेप्सिसची शक्यता सांगतात. हृदय किती थकले आहे ते पाहायला मात्र आजही इकोच लागतो.

कुठलीही चाचणी कामी येण्यासाठी माणूस वेळेवर पोचला पाहिजे, आणि आपण म्हातारे तिथेच मागे पडतो. आपल्याला ताप येईलच असे नाही. काल नीट बोलणारा आज नातवंडांची नावे विसरतो, श्वास भराभर घेतो, लघवी कमी होते, हातपाय गार पडतात, आणि घरचे म्हणतात, “वय झाले.” अचानक आलेले भ्रमिष्टपण वयाचे नसते. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्याची नाडी आजारातही फारशी वाढत नाही, म्हणून नाडी ठीक आहे यावर विसंबू नका. मधुमेह्यांनी पावले रोज पाहावीत. इस्पितळात गेल्यावर सरळ विचारा, “हा सेप्सिस तर नाही?” डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारा.

जुन्या इकोचा कागद औषधांच्या यादीसोबत ठेवा. हृदय आधीपासून दुबळे होते की याच आजारात झाले, हे त्याशिवाय सांगणे अवघड जाते. आणि घरी आल्यावर इको पुन्हा केव्हा करायचा, ते निघतानाच विचारून तारीख लिहून घ्या. हृदयाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर आकडा सुधारला म्हणून त्या आपणहून बंद करू नका. तो कागद घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे जा.