लघुपट जातो कोठे?

चाळीस मिनिटांत किंवा त्याच्या आत संपतो तो लघुपट, अशी ऑस्कर पारितोषिक देणाऱ्या संस्थेची व्याख्या आहे. व्याख्या म्हणून ती पुरेशी आहे. परंतु आम्हांला येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या प्रश्नाचा. कोणा बड्या निर्मात्याचे पाठबळ नसताना, थोडे घरचे आणि थोडे उसने पैसे घालून चार तरुणांनी पंधरा मिनिटांचा चित्रपट तयार केला, तर पुढे तो जातो कोठे? पंधरा मिनिटांसाठी तिकीट काढून थिएटरात येणार कोण? एके काळी मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची चित्रे दाखवणे थिएटरांना भाग असे, आणि शेंगदाणे सोलीत का होईना, लोक ती पाहत. परंतु ती वाट मुख्यतः सरकारी चित्रांची होती. खासगी लघुपटाला तेथे फारशी जागा नव्हती, आणि आता तर ती वाटच जवळजवळ बुजली आहे.

राहिला तो महोत्सवांचा रस्ता. आपल्याकडील एकांकिका-स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावयास जड जाऊ नये. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडकाची स्पर्धा चालू आहे. एकांकिकेला गल्ला नाही, दौरा नाही. स्पर्धा हाच तिचा खरा रंगमंच, आणि तेथूनच कित्येक नट व दिग्दर्शक पुढे आले. लघुपटाचेही असेच आहे. फरक एवढाच की एकांकिका त्याच रात्री टाळ्या तरी ऐकते. लघुपट मात्र पाठवून द्यावयाचा आणि महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहत बसावयाचे.

या प्रवासाचे काही रिवाज आहेत, आणि ते ठाऊक नसल्यामुळे चांगली चित्रे फुकट जातात. पहिला रिवाज शुभारंभाचा. मोठ्या महोत्सवांपैकी कित्येकांना चित्रपट अन्यत्र कोठेही दाखविलेला नको असतो. म्हणजे पहिल्या प्रयोगाचा मान ही लघुपटाच्या गाठीची एकमेव मोहर. ती एकदाच मोडता येते. उत्साहाच्या भरात एखाद्याने ती गावातल्या किरकोळ महोत्सवात मोडली, किंवा चित्रपट सर्वांसाठी खुला करून टाकला, की पुढची बरीच दारे आपोआप बंद होतात. दुसरा रिवाज लांबीचा. महोत्सवात लघुपट एकेकटा दाखवीत नाहीत. सहा-सात चित्रे गुंफून दीड तासाचा एक खेळ करतात. निवड करणाराच्या दृष्टीने पस्तीस मिनिटांचा चित्रपट म्हणजे दुसऱ्या दोन-तीन चित्रांची जागा अडवणारा पाहुणा. तो फारच असामान्य असावा लागतो. बारा मिनिटांचे साधे चित्र त्याच्या आधी आत शिरते. तिसरी गोष्ट वयाची. दीड-दोन वर्षे उलटली की बहुतेक महोत्सवांच्या लेखी चित्रपट शिळा.

या वाटेवर दूरवर गेलेले एक चित्र आमच्या अगदी जवळचे आहे. पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभातच्या जुन्या जागेत, जी चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था आहे, तेथील एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी वर्षअखेरीचा पाठ म्हणून तो केला. दिग्दर्शक चिदानंद एस. नाईक, मूळचे म्हैसूरचे आणि शिक्षणाने डॉक्टर. चित्रीकरणाला मिळाले चार दिवस. कन्नड लोककथेतली एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते, आणि कोंबडा आरवत नाही म्हणून सूर्यच उगवत नाही. एवढ्यावर सोळा मिनिटांचा डाव. नाव मात्र लांबलचक: ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो’. कान येथील महोत्सवात १९९८ पासून चित्रपटशाळांच्या चित्रांसाठी एक स्वतंत्र विभाग आहे. २०२४ साली त्यासाठी जगभरच्या ५५५ शाळांतून २,२६३ चित्रे आली; निवडली गेली १८. त्यांत हा चित्रपट होता, आणि पहिले पारितोषिक, म्हणजे १५,००० युरो, त्यालाच मिळाले. त्याच वर्षी तो ऑस्करसाठीही पात्र ठरला. पात्र ठरणे म्हणजे नामांकन नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. वृत्तपत्री मथळ्यांत हा भेद हमखास पुसला जातो. डिसेंबर २०२४ मध्ये पंधरा चित्रांची जी यादी निघाली तीत हे नाव नव्हते.

आता २,२६३ मधून १८ वजा केल्यास काय उरते, तेही पाहावे. ती सारीच वाईट होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. शिवाय पुण्याच्या त्या विद्यार्थ्यांमागे एक संस्था उभी होती. स्वतंत्रपणे चित्र काढणाराला प्रवेशशुल्कही पदरचेच भरावे लागते. कोठे ते माफ असते, कोठे वीस-पंचवीस डॉलर, कोठे त्याहून अधिक. अशा तीस-चाळीस ठिकाणी अर्ज केले, की कधी कधी चित्रीकरणापेक्षा पोचवणेच महाग पडते. त्यातच आता दरमहा भरणारे, ना प्रेक्षक ना पडदा असे नाममात्र महोत्सव निघाले आहेत. शुल्क घ्यावे, पाच-पन्नास पारितोषिके वाटावी, आणि जाहिरातीवर छापावयाला दोन डहाळ्यांचे चिन्ह पाठवून द्यावे, एवढाच त्यांचा व्यवसाय. घरच्यांना ते चिन्ह पाहून आनंद होतो, हे खरे. परंतु ज्या महोत्सवाची खुर्ची कोणी पाहिलेली नाही, त्याला पैसे पाठवण्यापूर्वी मागील वर्षी तेथे कोणती चित्रे, कोणत्या सभागृहात दाखविली, एवढे तरी विचारून घ्यावे. मुंबईचा १९९० पासून भरणारा माहितीपट-लघुपटांचा महोत्सव, किंवा जर्मनीतील ओबरहाउझेनचा १९५४ पासूनचा, यांच्याबाबत असा प्रश्न पडतच नाही.

मग इतके करून मिळते काय? पैसा क्वचितच. मिळते ती ओळख. आणि ती केव्हा केव्हा पैशापेक्षा मोलाची ठरते. अमेरिकेत डेमियन शझेल नावाच्या तरुणाजवळ ढोल शिकणारा मुलगा आणि त्याचा क्रूर शिक्षक यांच्यावरील पटकथा तयार होती, पण पूर्ण चित्रपटाला भांडवल मिळेना. तेव्हा त्या पटकथेतला एकच प्रसंग उचलून अठरा मिनिटांचा लघुपट केला गेला. जानेवारी २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले, त्या बळावर भांडवल उभे राहिले, आणि पुढच्याच जानेवारीत, २०१४ साली, त्याच महोत्सवात ‘व्हिप्लॅश’ हा पूर्ण चित्रपट दाखविला गेला. चित्रीकरण अवघे एकोणीस दिवसांचे. शिक्षकाच्या भूमिकेत लघुपटात होते तेच जे. के. सिमन्स, त्यांना २०१५ मध्ये ऑस्कर मिळाले, आणि चित्रपटाला एकूण तीन.

गंमत अशी की ऑस्करच्या संस्थेने त्याची पटकथा स्वतंत्र मानली नाही. आधी पडद्यावर आलेल्या कृतीवर ती आधारलेली आहे, असे ठरवून तिला रूपांतरित पटकथांच्या रांगेत बसविले. ती आधीची कृती म्हणजे भांडवलासाठी काढलेला तो अठरा मिनिटांचा लघुपट.