ऊतिसंवर्धनाचें पोषक माध्यम : त्याची साठवण व हाताळणी

बियाणें शुद्ध तर पीक शुद्ध, हें आपल्या शेतकरीवर्गास नव्यानें सांगावयास नको. परंतु केळीसारख्या पिकास पेरण्याजोगें बीं नाहीं. तिचें बियाणें म्हणजे कंद. अलीकडे या कंदाची जागा पुष्कळ ठिकाणीं प्रयोगशाळेंतील बाटलींत वाढविलेल्या रोपानें घेतली आहे. या रोपास जन्मतः जमीन मिळत नाहीं. लापशीसारख्या घट्ट अशा ज्या थरावर तें वाढतें, त्यास पोषक माध्यम म्हणतात. आपण शेतांतील माती तपासून घेतों. पण रोपाची ही पहिली माती कोणी तयार केली, कशी ठेवली व कशी हाताळली, याची विचारपूस क्वचितच करतों. ती करतां यावी, व जे शेतकरी स्वतः जाळीगृहांत रोपें कणखर करण्याचा धंदा करतात त्यांस कांहीं नियम हातीं असावेत, यासाठीं हा लेख लिहिला आहे.

प्रश्न लहान नाहीं. पांच फूट अंतरानें चौरस लागण केल्यास एकरीं सुमारें १७४२ रोपें बसतात. माध्यमांत झालेली चूक बाटलींत दिसेलच असें नाहीं. पुष्कळदां ती केळी निसवूं लागल्यावर, म्हणजे पाणी, खत व मजुरी सर्व घालून झाल्यावर दिसते. तेव्हां गेलेलें वर्ष परत येत नाहीं.

माध्यम म्हणजे काय ?— वनस्पतीची पेशी शरीराबाहेर वाढवितां येईल, ही कल्पना हाबरलांट या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं मांडली. पुढें १९६२ सालीं मुराशिगे व स्कूग यांनीं तंबाखूवर प्रयोग करून जें माध्यम प्रसिद्ध केलें, तेंच आजहि सर्वाधिक वापरलें जातें. आपल्या प्रांतांत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें या विद्येंत मोठें काम केलें. जो वेळू कित्येक वर्षांतून एकदांच फुलतो, त्यास तेथील रजनी नाडगौडा व त्यांचे सहकारी यांनीं बाटलींतील माध्यमावर अल्प काळांत फुलोरा आणून दाखविला. ही गोष्ट १९९० सालीं प्रसिद्ध झाली.

मुराशिगे-स्कूग माध्यमांतील द्रव्यें शेतकऱ्यास अनोळखी नाहींत. एका लिटरांत अमोनियम नायट्रेट १६५० मिलिग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट १९०० मिलिग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड ४४० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३७० मिलिग्रॅम व पोटॅशियम फॉस्फेट १७० मिलिग्रॅम असतें. शिवाय लोह, जस्त, बोरॉन आदि सूक्ष्म द्रव्यें, जीवनसत्त्वें व अत्यल्प संजीवकें. बाटलींतील रोपास स्वतःचें अन्न पुरेसें तयार करतां येत नाहीं, म्हणून लिटरास ३० ग्रॅम साखर घालतात. थर घट्ट व्हावा म्हणून समुद्रशेवाळापासून काढलेलें आगर घालतात. यांतील साखर हीच सर्व सावधगिरीचें कारण आहे. रोपास जें गोड, तें बुरशीस व जंतूंसहि गोड. आणि त्यांची वाढ रोपापेक्षां किती तरी जलद.

आमच्या बजाजनगरच्या भोंवतालीं, म्हणजे वाळूजच्या औद्योगिक क्षेत्रालगतच्या गंगापूर तालुक्यांतील गांवांत, असें काम करूं म्हणणाऱ्यास तीन अडचणी पुढें ठेवूनच चालावें लागेल : काळ्या दगडांतील विहिरींचें जड पाणी, पावसाळ्यांतील दमट हवा, आणि उन्हाळ्यांत ४० अंशांच्या वर जाणारा पारा.

पाणी व क्षार.— जड पाण्यांत चुना व मॅग्नेशियम आधींच विरघळलेलें असतें. तें वापरल्यास वर दिलेलीं सर्व मापें व्यर्थ होतात. म्हणून विहिरीचें किंवा नळाचें पाणी न वापरतां ऊर्ध्वपातित अथवा पूर्ण क्षारमुक्त केलेलेंच पाणी घ्यावें. क्षारांचे दाट द्राव करून ठेवावयाचे असल्यास कॅल्शियमचा द्राव सल्फेट व फॉस्फेटच्या द्रावांपासून वेगळ्या बाटलींत ठेवावा. एकत्र केल्यास पांढरा साका बसतो व अन्न तळाशीं जातें. ठिबकानें खत देणारा शेतकरी याच कारणास्तव कॅल्शियम नायट्रेट व फॉस्फेटचें खत एका टाकींत कालवीत नाहीं. नियम एकच आहे.

कोरडी भुकटी.— तयार मिश्रणाची भुकटी हवेंतील ओल झपाट्यानें शोषते. पावसाळ्यांत उघड्या गोणींतील युरियाची जी गत होते, तीच हिचीहि होते. गठ्ठे झालेली भुकटी वजनास खोटी ठरते. कारण तराजूंत क्षाराबरोबर पाणीहि मोजलें जातें. म्हणून डबा घट्ट झांकून २ ते ८ अंश सेल्सिअस उष्णतेंत ठेवावा. मात्र शीतपेटींतून काढल्याबरोबर तो उघडूं नये. खोलीच्या उष्णतेस येऊं द्यावा. थंड डबा लगेच उघडल्यास हवेंतील ओल दंवासारखी आंत बसते. अमोनियम नायट्रेट व पोटॅशियम नायट्रेट हे क्षार ज्वलनास साह्य करणारे आहेत; ते स्पिरिट, कागद व गवत यांपासून दूर ठेवावेत.

लोहाचा द्राव उजेडानें बिघडतो, म्हणून तो गडद तपकिरी बाटलींत व अंधारांत ठेवतात. जीवनसत्त्वांचे द्राव गोठवून ठेवणें उत्तम. प्रत्येक बाटलीवर द्रव्याचें नांव, दाटपणा, तयार केल्याची तारीख व करणाराची सही असावी. चिठ्ठी नसलेली बाटली ओतून टाकण्याच्याच लायकीची समजावी.

संजीवकांचें वजन.— येथें हात चुकला तर सर्व चुकलें. केळीचे कोंब फुटावेत म्हणून बेंझिलअॅडेनिन लिटरास कांहीं मिलिग्रॅमच घालतात. दशांशचिन्ह एक घर सरकलें तर तेंच दसपट होतें. अतिरिक्त संजीवक, व त्याच कोंबांची पुनःपुन्हां विभागणी, यांमुळें खुजीं, विचित्र पानांचीं अथवा वेडावांकडा घड देणारीं रोपें निपजण्याचा धोका वाढतो; म्हणून केळींत विभागणीच्या फेऱ्या सुमारें आठांवर जाऊं देऊं नयेत असा संकेत आहे. २,४-डी हें द्रव्य आपण तणनाशक म्हणून ओळखतों. तेंच लिटरास एक-दोन मिलिग्रॅम घातलें असतां पेशींची वाढ घडवून आणतें. मात्रेनेंच औषध होतें व मात्रेनेंच विष, याचें याहून स्पष्ट उदाहरण नाहीं.

निर्जंतुकीकरण.— माध्यमाची आम्लता सुमारें ५.८ सामूवर आणून बाटल्या ऑटोक्लेव्हमध्यें, म्हणजे वाफेच्या दाबाच्या भांड्यांत ठेवतात. चौरस इंचास १५ पौंड दाब व १२१ अंश उष्णता असतां १५ ते २० मिनिटें पुरतात; भांडीं मोठीं असल्यास अधिक वेळ लागतो. वेळ कमी पडल्यास जंतु उरतात. फार झाल्यास साखर करपते, आम्लता वाढते व आगर नीट गोठत नाहीं. जिबरेलिक आम्लासारखीं जीं द्रव्यें उष्णतेनें नासतात, तीं अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणींतून गाळून, माध्यम कोमट झाल्यावर घालावींत. बाटल्या कांठोकांठ भरूं नयेत, व दाब पूर्ण उतरल्यावांचून झांकण उघडूं नये. दाब एकाएकीं काढल्यास आंतील द्रव उसळून बाहेर येतो व हात-तोंड भाजतें.

तयार माध्यमाची साठवण.— भरलेल्या बाटल्या लगेच वापरूं नयेत. तीन-चार दिवस २५ अंशांच्या आसपास ठेवून पाहाव्यात. ज्यांत ढगाळपणा वा बुरशीचा ठिपका दिसेल त्या वेगळ्या काढाव्यात. स्वच्छ राहिलेल्या बाटल्या थंड व अंधाऱ्या जागीं ठेवून कांहीं आठवड्यांतच वापराव्यात. फार दिवस ठेवल्यास पाणी उडून क्षार दाट होतात व थर कडेपासून सुटतो. बुरशी आलेली बाटली कुतूहलानेंहि उघडूं नये. एका बाटलींतील बुरशीचीं बीजें सर्व खोलीस पुरतात. ती झांकलेल्या स्थितींतच पुनः वाफेच्या दाबाखालीं घालावी, मगच धुवावी.

कोंब निर्जंतुक करण्यास कित्येक ठिकाणीं मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. हें पाऱ्याचें जहाल विष आहे. हातमोज्यांवांचून त्यास स्पर्श करूं नये, व त्याचा उरलेला द्राव मोरींत वा नाल्यांत कदापि सोडूं नये. दिवा पेटता असतां त्याजवळ स्पिरिट ओतणें हेंहि तितकेंच घातक.

रोपें घेणारानें काय पाहावें ?— बाटल्या आणावयाच्या त्या पहांटे किंवा सायंकाळीं. मे महिन्यांतील बंद गाडीचा उन्हांतील उकाडा कोंवळ्या रोपांस सोसत नाहीं. बाटली आडवी पडूं देऊं नये. रोपें काढल्यावर मुळांस चिकटलेलें माध्यम स्वच्छ पाण्यानें हलक्या हातानें पूर्ण धुवावें. चिमूटभर राहिलें तरी त्यांतील साखरेवर बुरशी येऊन मुळें कुजतात. धुतलेलें माध्यम जाळीगृहाजवळ न टाकतां दूरच्या खड्ड्यांत पुरावें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. माध्यम आरशासारखें स्वच्छ असलें, तरी रोप विषाणुमुक्त आहे असें सिद्ध होत नाहीं. पर्णगुच्छासारख्या रोगाचे विषाणु माध्यमांत वाढत नाहींत, ते रोपाच्या पेशींतच राहतात व मातृवृक्षाकडून पुढें येतात. त्यासाठीं निराळी परीक्षा लागते. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची व्यवस्था केली आहे. तेव्हां रोपें घेतांना प्रमाणपत्र, विषाणुपरीक्षेचा दाखला व कोंबांच्या विभागणीच्या फेऱ्यांची नोंद या तीन गोष्टी मागाव्यात. आणि शक्य असल्यास प्रयोगशाळा समक्ष पाहून बाटल्यांवरील चिठ्ठ्या वाचाव्यात. जेथें चिठ्ठी नीट, तेथें बहुधा कामहि नीट असतें. शेत आपलें आहे, वर्षहि आपलेंच जावयाचें आहे. म्हणून हे प्रश्न विचारण्यास शेतकऱ्यानें संकोच करूं नये.