पाच बटणांची गिटार, भाड्याची गाणी

लेखांक आठवा

‘गिटार हीरो’ हा व्हिडिओ गेम नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन २ या कन्सोलसाठी बाजारात आला. डिस्कबरोबर खोक्यात प्लॅस्टिकची एक छोटी गिटार होती. तिला तारा नव्हत्या. आकार गिब्सन कंपनीच्या एसजी या नामांकित गिटारचा, मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे, तारांच्या जागी वरखाली हलणारी पट्टी आणि सूर कंपित करणारी एक दांडी. पडद्यावर गिटारच्या मानेसारखा रस्ता खेळाडूकडे सरकत येतो आणि त्यावरून रंगीत चकत्या येतात. चकती खालच्या रेषेवर पोचली की त्याच रंगाचे बटण दाबून पट्टी हलवायची. वेळ साधली तर गाण्यातली गिटार वाजते. चुकली तर तेवढीच गिटार बंद पडते आणि बाकीचा वाद्यवृंद निर्विकारपणे पुढे जातो. सगळा खेळ या एका युक्तीवर उभा आहे. गाणे आपल्यामुळे वाजते आहे, असा भास त्यातून होतो.

युक्ती मात्र नवी नव्हती. तालावर बटणे दाबण्याचे खेळ जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच रुजले होते. कोनामी कंपनीचे ‘गिटारफ्रीक्स’ हे गेमिंग पार्लरमधले यंत्र १९९९ चे. त्यात तीन बटणांची गिटार होती. ‘गिटार हीरो’ घडवणारी हार्मोनिक्स ही कंपनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमध्ये भेटलेल्या अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि एरन एगोझी या दोघांनी १९९५ मध्ये काढली. ज्यांना वाद्य येत नाही त्यांना वाजवण्याचे सुख मिळवून द्यायचे, हा तिचा ध्यास होता आणि पहिली दहा वर्षे तो फारसा फळाला आला नाही. तिच्या २००१ च्या ‘फ्रीक्वेन्सी’ या गेमची समीक्षकांनी वाहवा केली, पण खप बेताचाच राहिला. तो गेम बराचसा इलेक्ट्रॉनिक संगीतावर बेतलेला होता. पारडे फिरले ते जुने रॉक संगीत आल्यावर.

पहिल्या ‘गिटार हीरो’ची मुख्य यादी ३० गाण्यांची होती. डीप पर्पल, ब्लॅक सॅबथ, क्वीन, डेव्हिड बोवी, झीझी टॉप, बॉस्टन ही त्यातली ठळक नावे, आणि त्यांची बहुतेक गाणी १९७० च्या दशकातली. ही निवड केवळ आवडीची नव्हती. त्या काळच्या रॉकमध्ये गिटार गाण्याच्या पुढे चालते. चार-पाच सुरांची एखादी तुकडी पुन्हा पुन्हा येते आणि ऐकणाऱ्याच्या बोटांना आपोआप चाळा लागतो. पाच बटणांत उतरवायला असे संगीत सोयीचे. दुसरे कारण बाजाराचे होते. पैसे मोजणारा बाप आणि खेळणारा मुलगा, दोघांनाही ओळखीचे वाटेल असे संगीत फार थोडे असते. १९७० च्या दशकातले रॉक अमेरिकेतल्या रेडिओने ‘क्लासिक’ म्हणून वर्षानुवर्षे वाजवत ठेवले होते.

ही गाणी मूळ कलाकारांची मात्र नव्हती. ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराकडे किंवा त्याच्या प्रकाशकाकडे असतो, प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. पहिला हक्क तुलनेने स्वस्तात मिळतो. तो घेऊन दुसऱ्या वादकांकडून गाणे नव्याने वाजवून घेता येते. नवख्या गेमसाठी हाच मार्ग परवडणारा होता, म्हणून २००५ ची ती ३० गाणी हुबेहूब नकला होत्या. गेम यशस्वी झाल्यावर चित्र पालटले. २००७ च्या तिसऱ्या भागात बरीचशी मूळ ध्वनिमुद्रणे आली, तेव्हा वेगळीच अडचण पुढे आली. चूक झाली की गिटारच तेवढी गप्प करायची, तर गिटारचा आवाज बाकीच्या आवाजांपासून सुटा हवा. त्यासाठी स्टुडिओतल्या मूळ फिती लागतात आणि अनेक फिती गहाळ झाल्या होत्या. सेक्स पिस्टल्स या इंग्लंडच्या पंक बँडने याच कारणासाठी तीस वर्षांनी पुन्हा स्टुडिओत जाऊन आपले सर्वांत गाजलेले गाणे नव्याने मुद्रित केले. लिव्हिंग कलर या बँडनेही तेच केले. संगीताच्या व्यवसायाने जे काम कधी निकडीचे मानले नव्हते, ते एका खेळण्याने करून घेतले.

याच संदर्भात मेटालिका या बँडच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या २००८ च्या अल्बमची हकीकत सांगण्याजोगी आहे. अल्बमच्या सीडीवरचा आवाज इतका चढवलेला होता की तो फाटल्यासारखा ऐकू येई. तीच गाणी ‘गिटार हीरो’साठीही उपलब्ध झाली होती आणि तिथे ती जास्त स्वच्छ वाजत होती, कारण गेमकडे तो शेवटचा कर्कश हात फिरवण्यापूर्वीची मुद्रणे गेली होती. चाहत्यांनी गेममधला आवाज उतरवून घेतला आणि सीडीपेक्षा तोच पसंत केला.

अमेरिकेत २००७ ते २००९ ही तीन वर्षे या खेळांची चलती होती. पहिल्या दोन भागांनंतर हार्मोनिक्स आणि ‘गिटार हीरो’ यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हार्मोनिक्स एमटीव्हीकडे गेली आणि तिने ‘रॉक बँड’ काढला; त्यात गिटारबरोबर ड्रम आणि माइकही आले आणि चौघांना मिळून वाजवता येऊ लागले. ‘गिटार हीरो’ हे नाव अ‍ॅक्टिव्हिजन या कंपनीकडे राहिले. तिने एकेका बँडला वाहिलेले गेम काढायला सुरुवात केली: २००८ मध्ये एरोस्मिथ, २००९ मध्ये मेटालिका आणि व्हॅन हेलन.

या काळातले सर्वांत देखणे काम निःसंशय ‘द बीटल्स: रॉक बँड’. तो ९ सप्टेंबर २००९ रोजी आला, त्याच दिवशी बीटल्सच्या सर्व अल्बमच्या सुधारित ध्वनीच्या सीडीही आल्या. बीटल्सची गाणी तोवर इंटरनेटवर अधिकृतपणे विकतही मिळत नव्हती. आयट्यून्सवर ती नोव्हेंबर २०१० मध्ये आली. म्हणजे या बँडच्या वारसदारांनी डिजिटल जगात पाऊल टाकले ते आधी एका खेळातून. जॉर्ज हॅरिसन यांचे चिरंजीव धनी हॅरिसन यांचा यात पुढाकार होता. ध्वनीची जबाबदारी बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन यांनी उचलली. सुरुवातीची गाणी दोनच ट्रॅकवर मुद्रित झालेली, त्यामुळे एकमेकांत मिसळलेली वाद्ये अलग करण्याचे किचकट काम त्यांच्या वाट्याला आले. गेममध्ये ४५ गाणी होती. लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लब, न्यूयॉर्कचे शे स्टेडियम, टोकियोचे बुडोकान आणि शेवटी लंडनमधली गच्ची अशा क्रमाने बँडचा प्रवास मांडलेला होता. १९६६ नंतर बीटल्सनी दौरे थांबवले, म्हणून गच्चीवरची मैफल सोडली तर पुढच्या गाण्यांना मैफलीचे दृश्य नाही. ॲबी रोड स्टुडिओत गाणे सुरू होते आणि भिंती विरघळून स्वप्नासारखी चित्रे दिसू लागतात. गाण्यांच्या आगेमागे स्टुडिओतल्या गप्पांचे तुकडे ऐकू येतात. ग्रंथालयाच्या कपाटात शोभेल असे हे काम एका खेळण्यात झाले.

त्याच महिन्यात दुसऱ्या टोकाची गोष्ट घडली. ‘गिटार हीरो ५’ मध्ये १९९४ साली वारलेल्या कर्ट कोबेन यांची संगणकीय प्रतिमा होती आणि खेळाडूला ती दुसऱ्या कोणत्याही बँडच्या गाण्यावर नाचवता येत होती. निर्वाणा या बँडमधले त्यांचे साथीदार डेव्ह ग्रोल आणि क्रिस्ट नोव्होसेलिक यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मृत कलाकाराला परक्या तोंडची गाणी म्हणायला लावणे यात आदर कुठेच नव्हता, आणि हे कळायला खटल्याची गरज नव्हती.

यानंतरची घसरण वेगाने झाली. एकाच वर्षात गेमचे इतके अवतार निघाले की घराघरांत प्लॅस्टिकच्या गिटारी साचल्या. त्यातच मंदीचे दिवस होते. फेब्रुवारी २०११ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने आपला ‘गिटार हीरो’ विभाग बंद केला. भारतात हा सारा प्रकार फारसा पोचलाच नाही, कारण कन्सोल आणि त्यावर वेगळी गिटार हा खर्च मध्यमवर्गीय घराला मानवणारा नव्हता.

भारतात पोचला तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: व्हाइस सिटी’. २००२ चा हा गेम साध्या पीसीवरही चालत असे, त्यामुळे पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत सायबर कॅफेत आणि मित्राच्या घरी तो सर्रास दिसे. त्याचे कथानक १९८६ सालचे, शहर मायामीच्या धर्तीवर बेतलेले. गेममधल्या गाडीत बसले की रेडिओ सुरू होतो. एकूण नऊ स्टेशने: सात संगीताची, दोन गप्पांची. पॉप ‘फ्लॅश एफएम’वर, हेवी मेटल ‘व्ही-रॉक’वर, सिंथेसायझरवरचा न्यू वेव्ह ‘वेव्ह १०३’वर. निवेदकांची बडबड, खोट्या जाहिराती, मध्येच मायकेल जॅक्सन किंवा ब्लाँडी. गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसले तर गाणे दरम्यानच्या काळात पुढे सरकलेले असते, त्यामुळे रेडिओ खरोखरच कुठूनतरी प्रसारित होतो आहे असे वाटते. ‘गिटार हीरो’त गाणे हे काम असते, चुकले तर शिक्षा. इथे ते हवेसारखे भोवती असते, म्हणून ते जास्त खोल मुरते. हा गेम काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने ही स्टेशने सात सीडींच्या संचातही विकली. याच मालिकेतल्या २००४ च्या ‘सॅन अँड्रियास’मध्ये काळ १९९२ वर आणला गेला आणि क्लासिक रॉकच्या स्टेशनवर निवेदक म्हणून गन्स एन’ रोझेसचे अ‍ॅक्सल रोझ यांचा आवाज घेतला गेला.

आता प्रश्न असा की २००२ मध्ये बारा-चौदा वर्षांच्या मुलाला १९८६ चे स्मरणरंजन कसे व्हावे? माणसाला आयुष्यभर सर्वांत ठळक आठवते ते साधारण कुमारवयात आणि ऐन तारुण्यात ऐकलेले संगीत, हे मानसशास्त्रात बरेच स्थिरावलेले निरीक्षण आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यात भर पडली. विशीतल्या तरुणांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांचीही विशेष ओढ असल्याचे त्यात दिसले. घरात लहानपणापासून तीच गाणी वाजत आलेली असतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण. ‘व्हाइस सिटी’चे भारतातले खेळाडू या चौकटीतही नीट बसत नाहीत, त्यांच्या घरी १९८६ मध्ये आर. डी. बर्मन किंवा सुधीर फडके वाजत असतील, अ फ्लॉक ऑफ सीगल्स नव्हे. तरी आज तिशी-चाळिशीतल्या अनेकांना ती गाणी ऐकून हुरहुर वाटते. ती हुरहुर मायामीची नसून सुट्टीच्या दुपारची आणि संगणकाच्या खोलीची आहे. गेमने गाण्याचा काळच बदलून टाकला.

या आठवणी भाड्याच्या असतात, ही त्यातली खरी गोम. गेम कंपनी गाणे विकत घेत नाही. ठराविक मुदतीसाठी परवाना घेते. मुदत संपली की नवी प्रत त्या गाण्यासह विकता येत नाही. ‘व्हाइस सिटी’च्या नंतरच्या आवृत्त्यांतून मायकेल जॅक्सनची गाणी गळाली. २००८ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ४’चे दहा वर्षांचे परवाने संपताच एप्रिल २०१८ मध्ये रशियन गाण्यांच्या ‘व्लादिव्होस्टॉक एफएम’ची बहुतेक यादी बदलली गेली, आणि ज्यांनी गेम आधीच विकत घेऊन संगणकावर उतरवला होता त्यांच्याकडेही ती अद्ययावत आवृत्तीबरोबर बदलली. बीटल्सच्या गेमसाठी वेगळी विकली जाणारी गाणीही २०१६ मध्ये ऑनलाइन दुकानांतून हटवण्यात आली. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीतून मधली प्रकरणे अशी गायब झाली असती तर वाचकांनी गहजब केला असता.

कलाकारांच्या बाजूनेही हिशेब सरळ नाही. हेवन १७ या इंग्लिश बँडचे मार्टिन वेअर यांनी २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितले, की ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’साठी त्यांच्या १९८३ च्या एका गाण्याबद्दल साडेसात हजार डॉलर देऊ केले गेले आणि पुढे कोणतेही मानधन मिळणार नव्हते, त्यांनी नकार दिला. प्रसिद्धी हाच मोबदला, असा युक्तिवाद यावर होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. याच गेमच्या डिसेंबर २०२३ मधल्या पहिल्या ट्रेलरमध्ये टॉम पेटी यांचे १९८९ चे, तुलनेने मागे पडलेले गाणे होते. ट्रेलर येताच ते जगभर शोधून ऐकले गेले. मे २०२५ च्या दुसऱ्या ट्रेलरने पॉइंटर सिस्टर्सच्या १९८६ च्या गाण्याचे तेच केले. पण पेटी २०१७ मध्येच निवर्तले होते, आणि हयात कलाकाराला केवळ प्रसिद्धीवर घर चालवता येत नाही. अब्जावधी कमावणाऱ्या गेमने ज्या गाण्यांवर आपला काळ उभा केला त्यांना विक्रीतला वाटा द्यावा, ही वेअर यांच्या नकारामागची अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

हार्मोनिक्स २०२१ मध्ये एपिक गेम्सने विकत घेतली आणि डिसेंबर २०२३ पासून तिचा सरकता रस्ता एपिकच्या ‘फोर्टनाइट’ या ऑनलाइन गेममध्ये अवतरला. तिथे गाणी सुटी विकली जातात आणि डिस्क नावाची वस्तूच नाही. सर्व्हर चालू आहे तोवर गाणे आहे. जुन्या गेमची मूळ डिस्क मात्र इंटरनेटशिवाय चालते आणि तिच्यातली यादी कुणालाही दुरून बदलता येत नाही. तेव्हा ज्या वाचकांकडे प्लेस्टेशन २ च्या काळातल्या डिस्क असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. त्या गाण्यांसह तो गेम आता दुकानात मिळत नाही.