गाडीचं नाक आणि पावसाचं पाणी

आज आपण गाडीच्या इंजिनात पाणी शिरण्याबद्दल बोलणार आहोत. "गाडी ड्रायव्हर चालवतो, त्यात आपलं काय काम?" असं म्हणू नका. बोईसर-तारापूरला कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या आणि पालघरच्या बाजारात भाजी, मासळी नेणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणी रोज ईको, मॅजिक नाहीतर रिक्षानेच जातात. २०१७ मध्ये केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली, ती तर बचत गटांनी प्रवासी गाडी चालवावी यासाठीच. गाडी गटाची असो की घरातल्या मुलाची, इंजिन मोडलं म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. मग हप्ता भरणारीला इंजिन कशाने मोडतं हे माहीत नको का?

आपल्याला नाक आहे, तसं गाडीलाही आहे. इंजिनाला पेट्रोल लागतं, तशीच हवाही लागते, आणि ती भरपूर लागते. १२०० सीसीचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला हजार लिटरपर्यंत हवा ओढू शकतं. म्हणजे २०० लिटरचे पाच पिंप! ही हवा एका पाइपातून येते, एअर फिल्टरमध्ये गाळली जाते आणि मग इंजिनात जाते. पाइपाचं तोंड म्हणजे गाडीचं नाक. बहुतेक मोटारींत कंपनी ते जमेल तितकं उंच ठेवते, म्हणजे रस्त्यावरचं पाणी आत जाऊ नये.

हल्ली काही तरुण मुलं हा कंपनीचा पाइप काढून 'कोल्ड एअर इनटेक' नावाचा बाहेरचा पाइप बसवून घेतात. त्यामागचा विचार असा, की इंजिनाजवळची हवा तापलेली असते आणि बाहेरची थंड हवा जास्त दाट असते. दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून गाडीची ताकद वाढेल. विचार चुकीचा नाही, पण साध्या गाडीत हा फायदा फार थोडा असतो. आवाज मात्र चांगलाच वाढतो. थंड हवा मिळावी म्हणून यातल्या काही प्रकारांत फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या आत किंवा चाकाजवळ बसवतात. म्हणजे गाडीचं नाक गुडघ्याशी आणून ठेवल्यासारखं झालं. उडालेल्या शिंतोड्यांनी सहसा काही होत नाही. फिल्टरवर पाणी झटकणारं कापडी आवरणही मिळतं, पण ते फक्त शिंतोड्यांपुरतं. फिल्टर पाण्यात बुडला, की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं.

पाणी ओढलं तर काय बिघडतं? एक सोपा प्रयोग करून बघा. सुई नसलेली नवी सिरिंज घ्या, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दांडा दाबा. आत हवा असेल तर दांडा बराच आत जातो. आता सिरिंज पाण्याने भरून तसंच दाबा. दांडा हलणार नाही, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही.

इंजिनातही असाच दांडा असतो, त्याला पिस्टन म्हणतात. चार सिलिंडरच्या १२०० सीसी इंजिनात एका सिलिंडरमध्ये ३०० मिलिलिटर हवा मावते, आणि पिस्टन ती दाबून साधारण दहाव्या हिश्शात बसवतो. उरलेली जागा तीसेक मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाएवढी. त्याहून जास्त पाणी आत गेलं, की पिस्टन मध्येच अडकतो. इंजिन जोरात फिरत असेल तर पिस्टनला जोडलेली लोखंडी दांडी वाकते, कधी मोडून इंजिनाची भिंतही फोडते. डिझेल गाडीत ही जागा आणखी कमी असते. मेकॅनिक याला हायड्रोलॉक म्हणतात. मग इंजिन पूर्ण खोलावं लागतं, आणि तो खर्च लहान नसतो.

आपल्या भागात सूर्या आणि वैतरणा या मोठ्या नद्या, शिवाय ओढे आणि खाड्या. धामणी धरणातून, कवडासच्या बंधाऱ्यावरून पाणी सोडलं की सूर्याकाठी इशारा दिला जातो. मोऱ्या आणि बुटके पूल पाण्याखाली जातात. अशा वेळी ड्रायव्हर म्हणतो, "वेगात काढतो." पण वेगाने पाण्याची लाट उठते आणि बॉनेटपर्यंत चढते. मग कंपनीचं उंच नाकही बुडतं. वाहत्या पाण्याचं तर बोलायलाच नको. फूटभर वाहतं पाणीसुद्धा छोटी गाडी सरकवू शकतं. तिथे इंजिनाचा नाही, जिवाचा प्रश्न असतो. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी मागे फिरवायची.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच, तर एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: चावी पुन्हा फिरवायची नाही. पुष्कळदा गाडी बंद पडते तेव्हा इंजिन शाबूत असतं. ते मोडतं पुन्हापुन्हा स्टार्टर मारल्याने, किंवा गिअरमध्ये टाकून धक्का दिल्याने. चावी बंद करा, माणसं आधी उतरवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलत उंचावर न्या. मेकॅनिकला सांगा, आधी एअर फिल्टर ओला आहे का बघ. ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढतात. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर त्यात पाणी मिसळलंय. ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

विम्याचंही बघून ठेवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विम्यात पुराचं नुकसान असतं, पण पाण्यात गाडी सुरू करायला गेल्याने इंजिन मोडलं, तर कंपन्या बऱ्याचदा दावा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं वेगळं कलम जादा पैसे भरून घ्यावं लागतं. तेही अटी वाचून घ्या. विमा कंपनीला न कळवता पाइप बदलला असेल, तर वादाला आणखी एक कारण मिळतं. नुकसान झालं तर गाडी खोलण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

ज्या गटांकडे गाडी आहे, त्यांनी पावसाळ्याआधी बैठकीत तीन ठराव लिहून ठेवावेत, असं आम्ही सुचवतो. एक, गटाला विचारल्याशिवाय गाडीत काहीही बदलायचं नाही. दोन, पाण्यात बंद पडलेली गाडी मेकॅनिकने बघितल्याशिवाय सुरू करायची नाही. तीन, पाणी बघून ड्रायव्हरने गाडी मागे फिरवली, तर त्या फेरीचे पैसे कापायचे नाहीत आणि त्याला बोल लावायचे नाहीत. तिसरा ठराव सगळ्यात महत्त्वाचा. कारण पुष्कळदा ड्रायव्हरला पाण्यात आपणच ढकलतो. शिफ्ट चुकेल, बाजार उठेल, म्हणून मागच्या सीटवरून आपणच म्हणतो, "काढ रे, जाईल!" एका दिवसाचा खाडा भरून निघतो. मोडलेल्या इंजिनाचा खर्च मात्र वर्षभर पुरतो.

पुढच्या बैठकीला एक सिरिंज आणि तांब्याभर पाणी घेऊन या. प्रयोग सगळ्यांसमोर करा, आणि ड्रायव्हरदादालाही बोलवा. गाडीचं नाक नेमकं कुठे आहे, ते त्याच्याकडून बॉनेट उघडून बघून घ्या.