रोवणीचे दिवस आणि आईबापांचे लक्ष

‘सजग पालकत्व’ हा शब्द अलीकडे शहरी सुशिक्षितांत रूढ झाला आहे. मुलाशी बोलताना मन अन्यत्र असू नये, रागाच्या पहिल्या भरात हात उगारू नये, मूल काय म्हणते ते आधी ऐकावे, असा त्याचा आशय. तो नवा नाही. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन करणारे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक हेच सांगत होते. प्रश्न असा, की ज्याच्याजवळ वेळच उरत नाही त्याने हे कसे साधावे?

कुटुंबातील वेळेलाही किंमत असते, हे गॅरी बेकर यांनी 1965 साली अर्थशास्त्राच्या गळी उतरविले. पवनी तालुक्यातील अड्याळ परिसरात ती किंमत आषाढात उघड दिसते. धानाच्या रोवणीला मोजक्याच दिवसांची सवड. सकाळी बांधीच्या चिखलात उतरलेली बाई सांजवेळी परतते ती थेट चुलीपाशी. अंगणवाडी केव्हाच सुटलेली असते. धाकट्याला राखायला थोरली बहीण शाळा बुडविते. कमरेचा काटा ढिला झालेल्या आईने मुलाच्या शंभर प्रश्नांना हसतमुखाने उत्तरे द्यावीत, ही अपेक्षा मला तरी निर्दय वाटते. (बापाला असा उपदेश सहसा कोणी करीत नाही, हेही नमूद केले पाहिजे.)

ताराबाईंना ही अडचण ठाऊक होती. 1945 साली बोर्डीला काम आरंभल्यावर, गरिबांची मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी पालकांना बोल लावला नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. केंद्राच्या 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही त्याच जातीची तरतूद होती. कामावरील बायांसोबत सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असतील, तर एकीला ती राखण्याचे काम द्यावे आणि त्याची मजुरी द्यावी. मूल राखणे हे दाम देण्याजोगे काम आहे, ही कबुलीच ती. खासगी बांधीला मात्र हा नियम कधी लागू नव्हता.

हिशेब अवघड नाही. वीस बायांच्या टोळीमागे एक मजुरी वाढली, तर मजुरीखर्च पाच टक्क्यांनी वाढतो. तो सारा भार धान उत्पादकाने सोसावा असे माझे म्हणणे नाही. अर्धा ग्रामपंचायतीने उचलावा. जिल्हा परिषदेने रोवणीपुरती अंगणवाडी सायंकाळपर्यंत उघडी ठेवावी. मूल जेवून, झोप घेऊन भेटले, तर दमलेल्या आईशीही त्याचे चार शब्द होतील. त्या वेळी चुलीपुढे बापाने बसावे. त्याला तर कोणाची मंजुरीही लागत नाही.