माशांच्या आधी पाळायचे जीव

नवीकोरी काचेची टाकी, नितळ पाणी, तळाशी रंगीत खडे आणि चार गोल्डफिश. आठवड्याभरात मासे वर येऊन धापा टाकू लागतात, मग एकेक करून मरतात. 'पाणी तर एवढं स्वच्छ होतं!' असं घरचे म्हणतात, आणि ते खोटं नसतं. माशांना मारणारा पदार्थ त्या स्वच्छ पाण्यात विरघळलेला होता. आणि ज्यांनी मासे वाचवले असते ते जीव टाकीत अजून आलेच नव्हते.

मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडत असतो. आपल्याही शरीरात अमोनिया तयार होतो, पण तो विषारी असल्यामुळे यकृत ऊर्जा खर्चून त्याचा युरिया करतं. माशाला चहूबाजूंनी पाणीच पाणी, म्हणून तो हा खटाटोप न करता अमोनिया तसाच सोडून देतो. नदीत किंवा तळ्यात ते बिनबोभाट खपतं. वीस लिटरच्या टाकीत तो साचत जातो. त्यातही गंमत अशी की सगळा अमोनिया सारखा घातक नसतो. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, विष मात्र दहापट!

या विषावर जगणारे जीव पृथ्वीवर आहेत, हे मला आजही अद्भुत वाटतं. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर, सूर्यप्रकाशाशिवाय, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर घडवतात. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पण दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि टाकीतल्या वनस्पती ते खत म्हणून घेतात.

अमोनियाचं नायट्रेट करतं कोण, हे कोडं सोडवलं सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं, १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये. जिवाणू वाढवायचे तर त्यांना सेंद्रिय खाद्य द्यायचं, ही तेव्हाची रीत. त्यानं उलट केलं. सेंद्रिय काहीच दिलं नाही, फक्त क्षार दिले. आणि इतरांच्या हाती न लागलेले हे जिवाणू त्याच्याकडे वाढले. एक गट अमोनिया खाणारा, दुसरा नायट्राइट खाणारा, ही त्याची मांडणी सव्वाशे वर्षं पाठ्यपुस्तकांत टिकली. २०१५ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिलं की नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू दोन्ही कामं एकट्यानं करतात. एका गटाला ते रशियातल्या १२०० मीटर खोल तेलविहिरीतून येणाऱ्या गरम पाण्याच्या नळात सापडले, आणि दुसऱ्याला? मासे वाढवण्याच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये. त्याआधी, २०११ मध्ये, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांना घरगुती टाक्यांच्या फिल्टरांत अमोनिया खाणारे जे जीव सर्वाधिक आढळले, ते जिवाणूच नव्हते. ते होते आर्किया, जिवाणूंहून वेगळ्या आणि अतिप्राचीन वंशाचे. दिवाणखान्यातल्या फिल्टरच्या स्पंजमध्ये इतकं काही दडलेलं आहे!

पण हे जीव फार सावकाश वाढतात. पोटातला ई. कोलाय जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी दिवसभर लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात टाकीत मासे नकोत. फिल्टर चालू ठेवावा आणि चिमूटभर माशांचं खाद्य टाकावं. ते कुजून अमोनिया सुटतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कुणाची निरोगी जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा मागून आणावा, काम लवकर होतं. चाचणीच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, नायट्रेट तेवढं दिसलं, की समजावं वस्ती बसली. मग मासे आणावेत, तेही थोडे थोडे.

एवढ्या कष्टानं बसलेली वस्ती आपण एका सकाळी नळाखाली मारून टाकतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, ते चांगला-वाईट भेद करत नाही. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हातानं पिळून. टाकीत घालायचं पाणी आधी क्लोरीन काढणारं औषध घालून तयार करावं, आणि एका वेळी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त बदलू नये. फिल्टर रात्री आवाज करतो म्हणून बंद करू नका. त्या जिवांनाही प्राणवायू लागतो. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेऊन ठेवा.

आणि दुकानदार टाकीबरोबर त्याच दिवशी मासेही द्यायला निघाला, तर कृपा करून नाही म्हणा. टाकी आणि फिल्टर तेवढे घरी न्या, माशांसाठी दीड महिन्यानं या.